अमरावतीचा ‘सोफिया’ सुटला, सिन्नरचा जुळा भाऊ एनसीएलटीत गेला : असं का झालं?

जानेवारी ते मार्च २०२४ या तीन महिन्यांत रतनइंडिया पॉवर या कंपनीने १०,६६५ कोटी रुपयांचा नफा दाखवला. त्याच तीन महिन्यांत कंपनीचं एकूण उत्पन्न होतं सुमारे हजार कोटी. म्हणजे गल्ल्यात हजार आले आणि नफा झाला दहा हजारांच्या वर!

हा आकडा बघून कुणीही दचकेल. शेअर बाजारात नवीन असलेला माणूस तर लगेच ॲप उघडून खरेदीचं बटण दाबेल. पण या नफ्यातला फार मोठा भाग म्हणजे पैसा नव्हताच. कंपनीच्या खात्यात एक रुपयाही न येता हा नफा तयार झाला होता. तो कसा, हे समजून घ्यायचं तर अमरावतीपासून सुरुवात करावी लागते.

अमरावतीहून नागपूरकडे निघालं की नांदगाव पेठच्या एमआयडीसीत औष्णिक वीज प्रकल्पाच्या चिमण्या दिसतात. कागदावर हा प्रकल्प रतनइंडिया पॉवरचा. त्याआधी तो इंडियाबुल्स पॉवरचा होता. पण अमरावती, मोर्शी, तिवसा भागात त्याला आजही बहुतेक जण ‘सोफिया’ म्हणूनच ओळखतात, कारण सुरुवातीला प्रकल्प ज्या कंपनीच्या नावावर होता तिचं नाव सोफिया पॉवर होतं. कंपन्यांची नावं बदलली, मालकांच्या वाटण्या झाल्या, लोकांच्या तोंडचं नाव मात्र तेच राहिलं.

२००९ मध्ये इंडियाबुल्स पॉवरने आयपीओ आणला. शेअरची किंमत होती ४५ रुपये. त्या काळात वीज कंपनी म्हणजे सोन्याची खाण असं वातावरण होतं. देशात भारनियमन, विदर्भात तर बारा-बारा तास. वीज कमी, म्हणजे जो वीज बनवेल तो कमावेल, असं सरळ गणित. कंपनीने दोन प्रकल्प हाती घेतले. एक अमरावतीला, दुसरा नाशिक जिल्ह्यात सिन्नरला. दोन्ही अगदी जुळे: २७० मेगावॅटचे पाच संच, एकूण १३५० मेगावॅट. दोन्ही कोळशावर चालणारे. दोन्हींसाठी बँका आणि वित्तसंस्थांनी हजारो कोटी दिले.

पुढे एक भाऊ कर्जातून सुटला आणि दुसरा दिवाळखोरीच्या न्यायाधिकरणात गेला.

चिमणी उभी राहिली, पण गणित बिघडलं

अमरावतीचे पाच संच २०१३ ते २०१५ या काळात सुरू झाले. इंडियाबुल्स समूहाच्या वाटण्या २०१४ मध्ये झाल्या आणि वीज व्यवसाय राजीव रतन यांच्याकडे गेला, म्हणून नवं नाव रतनइंडिया.

पण तोवर वारं फिरलं होतं. २००९-१० मध्ये ज्या प्रकल्पांना धडाधड कर्जं मिळाली, ते सगळे साधारण एकाच वेळी तयार झाले आणि बाजारात वीज गरजेपेक्षा जास्त झाली. कोळशाचा पुरवठा मात्र कमी पडत होता. महावितरणकडे वीज घेण्याची एक शिडी असते. सगळ्यात स्वस्त वीज आधी, मग त्याहून महाग, मग त्याहून महाग. मागणी कमी असली की शिडीच्या वरच्या पायऱ्यांवरच्या संचांना ‘थांबा’ असा निरोप जातो. संच थांबला तरी कर्जाचं व्याज थांबत नाही.

मार्च २०१८ मध्ये संसदेच्या ऊर्जाविषयक स्थायी समितीने अडचणीत आलेल्या कोळशाच्या वीज प्रकल्पांवर अहवाल दिला. त्यात ३४ प्रकल्प होते आणि त्यांची क्षमता ४० हजार मेगावॅटच्या वर. म्हणजे एखाद्या मालकाने उधळपट्टी केली म्हणून हे झालं, असं एका वाक्यात म्हणता येणार नाही. सगळ्यांनी एकच अंदाज बांधला होता आणि तो सगळ्यांचाच चुकला. कर्ज देणाऱ्यांचाही.

तरी अमरावतीच्या प्रकल्पाकडे एक हुकमाचा पत्ता होता. १२०० मेगावॅट वीज २५ वर्षं विकण्याचा महावितरणसोबतचा करार. हा २०१० मध्येच झाला होता. असा करार असला की वीज घेतली न गेली तरी, संच तयार असल्याबद्दलचा स्थिर आकार मिळतो. घरमालकाला भाडेकरू गावी गेला तरी भाडं मिळतं, तसं काहीसं.

सिन्नरकडे असा चालू असलेला दीर्घकालीन करार नव्हता. त्यात कोळसा आणायच्या रेल्वेमार्गाची जमीन वर्षानुवर्षं अडकून राहिली. मुसळगाव-गुळवंच भागात हजारो कोटींचा प्रकल्प उभा, आणि तो चालवायला ना गिऱ्हाईक, ना कोळशाची गाडी.

डिसेंबर २०१९ : ६,५७४ चे ४,०५०

आता मुख्य गोष्ट. अमरावतीच्या प्रकल्पावर ६,५७४ कोटी रुपयांचं कर्ज होतं. देणाऱ्यांत पॉवर फायनान्स कॉर्पोरेशन आणि स्टेट बँक ही मोठी नावं. डिसेंबर २०१९ मध्ये तडजोड झाली. कर्जदात्यांनी ४,०५० कोटी रुपये रोख घेऊन जुनं प्रकरण मिटवायचं मान्य केलं. हे पैसे आले गोल्डमन सॅक्स आणि वर्दे पार्टनर्स या परदेशी गुंतवणूकदारांकडून, आदित्य बिर्ला समूहाच्या मालमत्ता पुनर्रचना कंपनीच्या मार्फत.

६,५७४ वजा ४,०५०. फरक २,५२४ कोटींचा. बँकांच्या भाषेत याला ‘हेअरकट’ म्हणतात. केस कापले की पुन्हा उगवतात, इथे तसं काही नसतं. कर्जदात्यांना या रोख रकमेशिवाय कंपनीचे काही शेअरही मिळाले, पण हातात आलेला खरा पैसा तो ४,०५० कोटीच. शंभर रुपयांमागे साधारण ६२ रुपये.

इथे बरेच जण म्हणतात, ‘म्हणजे कर्ज माफ केलं.’ ते तसं नाही. परदेशी गुंतवणूकदारांनी ते पैसे दान दिलेले नाहीत. कंपनीच्या डोक्यावरचं जुनं मोठं कर्ज गेलं आणि त्या जागी नवं, लहान कर्ज आलं. सावकार बदलला, रक्कम कमी झाली, हप्ते चालूच राहिले. नव्या सावकाराचा हिशोब साधा: स्वस्तात घेतलेलं कर्ज पूर्ण वसूल झालं की मधला फरक आपला.

आणि कंपनी? ती प्रवर्तकांच्याच हातात राहिली. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

बँकांनी डिसेंबरच का गाठला, यामागेही एक तारीख आहे. रिझर्व्ह बँकेने १२ फेब्रुवारी २०१८ ला एक कडक परिपत्रक काढलं होतं. हप्ता एक दिवस जरी चुकला तरी घड्याळ सुरू, आणि दोन हजार कोटींच्या वरच्या कर्जांवर १८० दिवसांत तोडगा नाही निघाला तर प्रकरण थेट दिवाळखोरी न्यायाधिकरणात. वीज कंपन्या याविरोधात कोर्टात गेल्या आणि २ एप्रिल २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्द केलं. मग ७ जून २०१९ ला रिझर्व्ह बँकेने नवी चौकट आणली. यात न्यायाधिकरणाची सक्ती नव्हती. ३० दिवस विचाराला आणि त्यापुढे १८० दिवस तोडगा अमलात आणायला. तोवर काही झालं नाही तर बँकेने स्वतःच्या नफ्यातून आणखी २० टक्के तरतूद बाजूला काढायची. ७ जूनपासून २१० दिवस मोजले की तारीख येते ३ जानेवारी २०२०. अमरावतीचा सौदा त्याआधी काही दिवस पूर्ण झाला.

‘ओटीएस’ हा शब्द वऱ्हाडाला नवा नाही

या प्रकाराला वन टाइम सेटलमेंट, म्हणजे एकरकमी कर्जफेड म्हणतात. हा शब्द अमरावती-अकोल्याच्या शेतकऱ्याला समजावून सांगायची गरज नाही. २०१७ च्या छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजनेत दीड लाखापर्यंतचं कर्ज माफ होतं आणि त्याच्या वर थकबाकी असलेल्यांसाठी ‘ओटीएस’ होतं: वरची रक्कम आधी स्वतः भरा, मग दीड लाखाचा लाभ घ्या. ज्याच्याकडे वरची रक्कम भरायला पैसे नव्हते, तो योजनेच्या दारातच उभा राहिला.

योगायोग असा, की ज्या डिसेंबर २०१९ मध्ये नांदगाव पेठचा सौदा झाला, त्याच महिन्यात नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात उद्धव ठाकरे सरकारने दोन लाखांपर्यंतची महात्मा जोतिराव फुले कर्जमुक्ती योजना जाहीर केली. त्यावर तिजोरीला परवडेल का, शेतकऱ्यांना सवय लागेल का, अशी जोरदार चर्चा झाली. २,५२४ कोटींवर अमरावतीच्या चहाच्या टपरीवर तेवढी चर्चा झाली असेल, असं वाटत नाही.

तुलना सरळसोट नाही, हेही मान्य करायला हवं. शेतकऱ्याची कर्जमाफी सरकारच्या तिजोरीतून बँकेला भरली जाते. कंपनीचा हेअरकट बँक स्वतः सोसते. पण ती बँक सरकारी असेल आणि तिला भांडवल सरकार पुरवत असेल, तर दोन्ही रस्ते शेवटी एकाच तिजोरीशी जातात. एक रस्ता समोरून, दुसरा मागच्या दाराने. खरा फरक आहे तो बोलणीच्या ताकदीचा. सहा हजार कोटींचा थकबाकीदार बँकेसमोर बसून ‘एवढेच देऊ शकतो’ म्हणू शकतो, कारण प्रकल्प बंद पडला तर बँकेच्या हाती भंगार उरतं. दीड लाखाच्या थकबाकीदाराला ती खुर्चीच मिळत नाही.

मग दिवाळखोरीचा कायदा कशासाठी आहे?

नादारी व दिवाळखोरी संहिता, म्हणजे आयबीसी, २०१६ मध्ये आली. त्याआधीची परिस्थिती भयंकर होती. १९८५ च्या आजारी उद्योगांच्या कायद्याखाली प्रकरण ‘बीआयएफआर’ या मंडळाकडे जायचं आणि तिथे वर्षानुवर्षं पडून राहायचं. मंडळाकडे प्रकरण आहे म्हटल्यावर बँकेला वसुली करता येत नसे. कारखाना गंजायचा, मालक मात्र सुरक्षित.

आयबीसीने हे उलटवलं. कंपनीने पैसे थकवले की देणेकरी राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाकडे, म्हणजे एनसीएलटीकडे जातो. अर्ज दाखल करून घेतला गेला की त्या क्षणापासून संचालक मंडळ बाजूला आणि कंपनी एका व्यावसायिकाच्या ताब्यात. सगळी वसुली, सगळे दावे थांबतात. कर्जदात्यांची समिती बसते, बोली मागवल्या जातात आणि ६६ टक्के मतांनी एक योजना निवडली जाते. हे सगळं जास्तीत जास्त ३३० दिवसांत व्हावं, असं कायदा म्हणतो. नाही जमलं तर कंपनी मोडीत, म्हणजे अवसायनात.

यात एक महत्त्वाचं कलम आहे, २९ अ. नोव्हेंबर २०१७ मध्ये ते घातलं गेलं. ज्या प्रवर्तकाचं कर्ज वर्षभराहून जास्त काळ बुडीत खात्यात आहे, त्याला स्वतःचीच कंपनी बोली लावून परत घेता येत नाही. नाहीतर कर्ज बुडवायचं आणि तीच कंपनी अर्ध्या किमतीत परत घ्यायची, हा धंदाच झाला असता. न्यायाधिकरणाबाहेरच्या तडजोडीला मात्र ही आडकाठी नाही. म्हणून अमरावतीत कर्ज कमी झालं आणि मालकी तीच राहिली.

हे बरोबर की चूक? टीव्हीवरच्या चर्चेत याचं उत्तर लगेच ‘लूट’ असं येतं. आकडे जरा वेगळं सांगतात. एनसीएलटीतून सुटलेल्या प्रकरणांत कर्जदात्यांना त्यांच्या मान्य दाव्यांपैकी सरासरी शंभराला ३२-३३ रुपये मिळाले आहेत. अमरावतीत ६२ मिळाले, तेही रोख आणि लवकर. मात्र चालू प्रकल्प, हातात २५ वर्षांचा करार, अशी प्रकरणं एनसीएलटीत क्वचित जातात. तिथे बरेचदा प्रकरण पोहोचतं तेव्हा रुग्ण आधीच गेलेला असतो. म्हणून ६२ आणि ३२ ची थेट तुलना करून बँकांची पाठ थोपटण्याचंही कारण नाही.

नांदगाव पेठच्या लहान पुरवठादाराच्या बाजूने बघितलं तर चित्र आणखी वेगळं दिसतं. समजा, एखाद्याचे प्रकल्पाला गाड्या पुरवण्याचे आठ लाख थकलेत. बाहेर तडजोड झाली तर कंपनी चालू राहते आणि त्याचं बिल आज ना उद्या निघतं. एनसीएलटीत गेलं तर त्याचं जुनं बिल गोठतं. तो ‘परिचालन देणेकरी’ ठरतो, सर्वसाधारणपणे समितीत मत नसतं, आणि योजना मंजूर झाल्यावर त्याच्या वाट्याला येतं ते बहुतेकदा चिल्लर. अर्ज करायचा म्हटलं तर मार्च २०२० पासून किमान थकबाकीची मर्यादा एक लाखावरून थेट एक कोटीवर नेलेली आहे. त्याच्या आठ लाखांसाठी एनसीएलटीचा दरवाजाच उघडत नाही.

सिन्नरचं काय झालं, आणि तो १०,६६५ कोटींचा नफा

सिन्नरच्या प्रकल्पाची कंपनी, सिन्नर थर्मल पॉवर, सप्टेंबर २०२२ मध्ये दिवाळखोरी प्रक्रियेत दाखल झाली. आता त्या प्रकल्पावर रतनइंडियाचं नियंत्रण उरलं नाही. लेखाशास्त्राचा नियम असा, की जिच्यावर तुमचं नियंत्रण नाही, तिचे आकडे तुमच्या एकत्रित ताळेबंदात धरायचे नाहीत. सिन्नरची देणी मालमत्तेपेक्षा हजारो कोटींनी जास्त होती. ती सगळी एका फटक्यात पालक कंपनीच्या पुस्तकातून बाहेर गेली. पुस्तकातून देणं गेलं की ते ‘नफा’ म्हणून दिसतं. हाच तो १०,६६५ कोटींचा नफा.

म्हणजे बँकांसाठी जी बातमी वाईट होती, तीच शेअर बाजाराच्या पडद्यावर विक्रमी नफा म्हणून झळकली. पुढच्या वेळी कुणी असा स्क्रीनशॉट पाठवला तर निकालात ‘अपवादात्मक बाबी’ ही ओळ शोधा. बहुतेक वेळा गंमत तिथेच असते.

सिन्नरसाठी पुढे एनटीपीसी आणि महाजनको या दोन सरकारी कंपन्यांनी एकत्र येऊन लावलेली बोली सरस ठरली. तिथपर्यंत पोहोचायला कायद्यातले ३३० दिवस कधीच मागे पडले होते.

बुटीबोरीचा ‘मे’

विदर्भातला आणखी एक प्रकल्प या कायद्याच्या इतिहासात अडकून बसलाय. नागपूरजवळ बुटीबोरीला विदर्भ इंडस्ट्रीज पॉवर नावाची रिलायन्स पॉवरची उपकंपनी होती, ६०० मेगावॅटची. ॲक्सिस बँक ५५३ कोटींच्या थकबाकीसाठी एनसीएलटीत गेली. कंपनीचं म्हणणं असं, की वीज अपील न्यायाधिकरणाने आमच्या बाजूने निकाल दिलाय, त्याप्रमाणे आम्हालाच १,७३० कोटी येणे आहेत, नियामक आयोगाने ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात अडवून धरलंय. ज्याला तिप्पट पैसे येणे आहेत त्याला दिवाळखोर कसं म्हणता?

१२ जुलै २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने कंपनीचं म्हणणं उचलून धरलं. कायद्याच्या कलम ७ मध्ये बँकेचा अर्ज न्यायाधिकरण दाखल करून घेऊ ‘शकतं’ असं म्हटलंय, इंग्रजीत ‘मे’. ‘घेईलच’, म्हणजे ‘शॅल’, असं म्हटलेलं नाही. म्हणून परिस्थिती बघून अर्ज नाकारण्याचा अधिकार न्यायाधिकरणाला आहे. एका शब्दावर निकाल फिरला. त्यानंतर देशभरातल्या थकबाकीदार कंपन्यांच्या वकिलांनी ‘विदर्भ इंडस्ट्रीज’चा दाखला द्यायला सुरुवात केली. विदर्भाचं नाव दिल्ली-मुंबईच्या न्यायाधिकरणांत एवढं क्वचितच घेतलं गेलं असेल.

कंपनीला मात्र त्याचा फार उपयोग झाला नाही. २०२४ मध्ये ती दिवाळखोरी प्रक्रियेत गेलीच आणि जुलै २०२५ मध्ये अदानी पॉवरने ती ४,००० कोटींना घेतली.

हा आकडा पुन्हा वाचा. बुटीबोरीचे ६०० मेगावॅट ४,००० कोटींना, तेही संच बंद पडलेले असताना. म्हणजे मेगावॅटला साधारण ६.७ कोटी. अमरावतीचे १३५० मेगावॅट २०१९ मध्ये ४,०५० कोटींत मिटले. मेगावॅटला बरोबर ३ कोटी. त्याच वर्षी छत्तीसगडमधला जीएमआरचा १३७० मेगावॅटचा प्रकल्प अदानींनी ३,५३० कोटींना घेतला होता, म्हणजे मेगावॅटला जेमतेम २.६ कोटी. त्यामुळे २०१९ च्या बाजारभावात अमरावतीचा सौदा वाईट नव्हता, उलट बराच होता. पण पुढच्या पाच-सहा वर्षांत विजेची मागणी वाढली, नवे कोळसा प्रकल्प फारसे आले नाहीत, आणि तेच लोखंड महाग झालं. बँकांना थांबणं शक्य नव्हतं, कारण ३ जानेवारीचं घड्याळ टिकटिकत होतं. ज्यांच्याकडे थांबण्याइतका पैसा होता, त्यांना वाढत्या बाजाराचा फायदा घ्यायची संधी मिळाली. कापूस निघाल्या निघाल्या विकावा लागणारा शेतकरी आणि गोदामात भरून ठेवणारा व्यापारी, हे गणित अकोल्याच्या बाजारात नवीन नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्र सरकारने आयबीसीत दुरुस्तीचं विधेयक लोकसभेत मांडलं आणि ते प्रवर समितीकडे गेलं. त्यात दोन गोष्टी इथल्या गोष्टीशी थेट जोडलेल्या आहेत. पहिली, थकबाकी सिद्ध झाली की अर्ज दाखल करून घ्यावाच लागेल. म्हणजे बुटीबोरीच्या ‘मे’ची वाट बंद. दुसरी, मोठ्या कर्जदात्यांना न्यायाधिकरणाच्या बाहेरच प्रक्रिया सुरू करता येईल. त्यासाठी रकमेच्या ५१ टक्के कर्जदात्यांची संमती लागेल, मुदत १५० दिवसांची असेल, आणि या काळात कंपनी जुनं व्यवस्थापनच चालवेल, फक्त व्यावसायिकाच्या नजरेखाली. अमरावतीचा मार्ग आणि सिन्नरचा मार्ग यांच्या मधला हा तिसरा रस्ता आहे. जुनं व्यवस्थापन खुर्चीवर राहणार म्हटल्यावर २०१७ मध्ये कलम २९ अ ज्या भीतीने आणलं गेलं, ती भीती पुन्हा चर्चेत येणार हे उघड आहे.

यादीत नसलेले

कंपनी अडचणीत आली की कोणाला किती मिळणार, याची रांग कायद्याने ठरवून दिली आहे. अवसायनात सगळ्यात आधी प्रक्रियेचा खर्च. मग तारण असलेले कर्जदाते आणि कामगारांची २४ महिन्यांची थकबाकी, दोघे एकाच पायरीवर. मग इतर कर्मचाऱ्यांचा १२ महिन्यांचा पगार, मग तारण नसलेले कर्जदाते, मग सरकारी देणी, आणि सगळ्यात शेवटी भागधारक. आयपीओत ४५ रुपयांना शेअर घेतलेला माणूस या रांगेच्या शेपटाशी उभा असतो. २०१९ मध्ये तो शेअर पाच रुपयांच्याही खाली होता.

काही जण मात्र रांगेतच नसतात.

सोफिया प्रकल्पाला मोर्शीजवळच्या अप्पर वर्धा धरणातून वर्षाला ८७.६ दशलक्ष घनमीटर पाणी मंजूर झालं होतं. सिंचनासाठी बांधलेल्या धरणाचं पाणी कारखान्याला का, म्हणून जिल्ह्यात मोठं आंदोलन झालं. सगळ्यात जास्त सिंचनाचा अनुशेष असलेल्या जिल्ह्यांत अमरावती, अकोला ही नावं वर्षानुवर्षं असताना हा प्रश्न येणारच होता. विषय उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठातही गेला, पण प्रकल्प झाला. पुढे त्याच प्रकल्पाला विजेचं पुरेसं गिऱ्हाईक मिळेना आणि तो कर्जात गेला. ६,५७४ कोटींचा हिशोब मांडताना पॉवर फायनान्सची रक्कम मोजली गेली, स्टेट बँकेची मोजली गेली. पाणी कुठल्याच ताळेबंदात कर्ज म्हणून लिहिलेलं नसतं. त्यामुळे त्याचा हेअरकट किती, हा प्रश्न विचारायला कुठलं न्यायाधिकरणही नाही.

दुसरे, सूतगिरण्यांचे कामगार. वऱ्हाडातल्या सहकारी सूतगिरण्या कंपनी कायद्याखाली नोंदलेल्या नसतात. त्यांना आयबीसी लागू होत नाही. सहकार खातं अवसायक नेमतं, आणि मग तो अवसायक आणि कामगारांची पुढची पिढी यांची गाठ पडते. ३३० दिवस वगैरे मुदत तिथे कुणी ऐकलेलीही नाही.

कापड गिरण्यांची कथा आणखी जुनी. अकोल्याची सावतराम रामप्रसाद मिल आणि अचलपूरची विदर्भ मिल या आजारी पडलेल्या गिरण्या १९७४ च्या कायद्याने सरकारने ताब्यात घेऊन राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाला, म्हणजे एनटीसीला दिल्या. नंतर एनटीसी स्वतःच आजारी पडून बीआयएफआरच्या दारात गेली. तिच्या पुनरुज्जीवनाच्या योजनेतून मुंबईची फिनले मिल अचलपूरला हलवली गेली, नवी यंत्रं बसली, परतवाडा-अचलपूरच्या पोरांना गावातच काम मिळालं. मार्च २०२० च्या टाळेबंदीत एनटीसीच्या देशभरातल्या गिरण्यांसोबत फिनलेची यंत्रंही थांबली. टाळेबंदी उठली, तरी यंत्रं फिरली नाहीत. पगारासाठी आणि मिल सुरू करण्यासाठी कामगारांनी वारंवार आंदोलनं केली.

मे २०२२ मध्ये दिल्लीच्या एनसीएलटीने एनटीसीलाच दिवाळखोरी प्रक्रियेत दाखल करून घेतलं होतं. केंद्र सरकारची कंपनी, मुंबईत कोट्यवधींच्या जमिनी, आणि दिवाळखोर! अपिलात त्या आदेशाला स्थगिती मिळाली. तो अर्ज एका सौरऊर्जा कंपनीने केला होता, सुमारे १४ कोटींच्या थकबाकीसाठी. फिनलेच्या बंद दारामागे अडकलेले पगार हा त्या प्रकरणाचा विषयच नव्हता.